प्रसूतिगृहातील चूक आणि क्षमायाचना



प्रसूतीत आईला वा बाळाला इजा झाली तर डॉक्टरने क्षमा मागावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. तो तसा नाही. बाळाचा खांदा अडकतो आणि ओढताना हाताच्या नसा दुखावतात. प्रसूती लांबते, बाळ गुदमरते आणि त्याच्या मेंदूला जन्माची इजा होते. यातले काही कोणाच्याच हातचे नसते. काही मात्र टाळता आले असते. आईला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते आणि नेमके तेवढेच तिला सांगितले जात नाही. ‘नशीब’ हा एक शब्द पदरात टाकून तिला घरी पाठवले जाते.

१९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आणि तीत एक टॉवेल पोटात राहून गेला. पुन्हा पोट उघडून तो काढला, परंतु ती वाचली नाही. तिच्या पतीने व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. कल्याणकारी म्हणवणाऱ्या शासनाने ही रक्कम मुकाट्याने देऊन दोन शब्द दुःखाचे बोलायला काय हरकत होती? तसे घडले नाही. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने नोकरांच्या हलगर्जीपणास राज्य उत्तरदायी नाही, असा निर्णय उच्च न्यायालयात झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला १९९६ साली. पोटात टॉवेल सापडला ही गोष्ट स्वतःच बोलकी आहे, हे ठरायला बत्तीस वर्षे लोटली! क्षमा न मागण्याची किंमत ही अशी असते, आणि ती मागणाऱ्याने नव्हे तर भोगणाऱ्याने चुकवायची असते.

डॉक्टरांची भीती निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फौजदारी गुन्ह्यासाठी डॉक्टरचा हलगर्जीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे. तरीही २०२२ साली राजस्थानातील दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री दगावली तेव्हा डॉक्टर स्त्रीवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि तिने आत्महत्या केली. जिथे जमाव दाराशी उभा आहे आणि पोलीस त्याच्या मागे आहेत, तिथे ‘चुकलो’ म्हणण्याचे धैर्य कोणाकडून अपेक्षावे? इंग्लंडने २००६ च्या कायद्याने, केवळ क्षमा मागितली म्हणून हलगर्जीपणाची कबुली ठरत नाही, असे लिहून ठेवले. २०१४ पासून तर गंभीर इजा झाल्यास रुग्णाला ती सांगून क्षमा मागणे तेथील सार्वजनिक रुग्णालयांवर बंधनकारक केले. भारतात असे संरक्षण देणारा कायदा नाही.

पण चळवळीच्या दृष्टीने खरा प्रश्न याहून खोल आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. म्हणजे पैसे मोजणारीला ग्राहक मंचाचे दार उघडे, आणि मोफत खाटेवरच्या मजूर स्त्रीला दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट! आणि हिला रुग्णालयात या म्हणून बोलावले कोणी? २००५ साली जननी सुरक्षा योजना काढून, पैशांचे साहाय्य देऊन, सरकारनेच. तेव्हा क्षमा मागायची ती रात्रभर उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरने एकट्याने नव्हे. जागा रिक्त ठेवणाऱ्या, एका परिचारिकेवर अनेक बाळंतिणी सोपवणाऱ्या शासनाने ती लेखी मागावी. डॉक्टरने काय घडले ते खरे सांगावे, एवढे त्याचे कर्तव्य. तेही लहान नाही.

शिवाय क्षमेने अपंग मुलाचे औषधपाणी होत नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई दोष सिद्ध न करता मिळते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून प्रसूतीत आईला होणाऱ्या काही ठराविक इजाही तीत आल्या. असे केल्याने डॉक्टर बेफिकीर होतील, हा आक्षेप घेतला जातो. पण शिक्षा आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोषी डॉक्टरची चौकशी वैद्यक परिषदेने जरूर करावी, मुलाच्या उपचाराला मात्र तिच्या निकालाची वाट पाहायला लावू नये.

हा कायदा होईल तेव्हा होईल. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. रुग्णालयाच्या काचा फोडणाऱ्यांना आवरून कार्यकर्त्यांनी त्या आईबरोबर बसावे, तो अर्ज लिहावा आणि त्याची पोच घ्यावी.