इंग्रजीच्या पहिल्या पायरीवर ध्वनि आणि व्याकरण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या प्रसंगीं प्राथमिक शाळेच्या वतीनें चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. महोत्सव हा उपकारस्मरणाचा काळ, तसाच आत्मपरीक्षणाचाही. म्हणून शाळेची स्तुति न करितां आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयींच आम्ही बोलणार आहों. प्रश्न असा कीं, लहान मुलांस इंग्रजी शिकवितांना अक्षरांचे ध्वनि आणि भाषेचें व्याकरण हीं निरनिराळ्या तासांत कोंडावीं, कीं एकत्र शिकवावीं?

आपल्या राज्यांतील मराठी शाळांत सन २००० पासून पहिल्या इयत्तेंतच इंग्रजीस आरंभ होतो. आम्हींही मोठ्या उत्साहानें वेळापत्रक आंखलें. सकाळीं ध्वनींचा तास, ज्यास हल्लीं फोनिक्स म्हणतात, दुपारीं व्याकरणाचा. सकाळीं मुलें अक्षराचें नांव बाजूस ठेवून त्याचा आवाज ओळखीत. दुपारीं एकवचन, अनेकवचन, वर्तमानकाळ, भूतकाळ अशीं कोष्टकें भरीत. दोन्ही तास सुरळीत चालले आहेत असें आम्हांस वाटे.

पुढें एके दिवशीं दोन मुलांच्या वह्या शेजारीं शेजारीं आल्या. वॉक म्हणजे चालणें, या क्रियापदाचें भूतकाळीं रूप लिहावयाचें होतें. पहिल्यानें तें अचूक लिहिलें. परंतु वाचावयास सांगतांच तो 'वॉक-एड' असें म्हणाला. दुसऱ्यानें 'वॉक्ट' असा शुद्ध उच्चार केला आणि कानास जें ऐकूं आलें तेंच लिहिलें: शब्दाच्या शेवटीं टी. पहिल्याच्या वहीवर आम्हीं बरोबरची खूण केली, दुसऱ्याच्या वहीवर तांबडी रेघ ओढली. त्यानंतर कित्येक दिवस तो मुलगा आपणहून एक शब्द लिहीना; फळ्यावरचें तेवढें उतरून घेई. वास्तविक त्याचा कान खरा होता. ऐकावें तसें लिहावें हा नियम सकाळीं आम्हींच दिला, दुपारीं आम्हींच मोडला, आणि शिक्षा मात्र त्यास झाली.

इंग्रजींत या रूपाचे उच्चार तीन आहेत. वॉक्ट, जम्प्ट यांच्या शेवटीं ट ऐकूं येतो; प्लेड, कॉल्ड यांच्या शेवटीं ड; वॉन्टिड, नीडिड यांच्या शेवटीं इड. लिहितांना मात्र तिन्ही ठिकाणीं ई आणि डी हींच दोन अक्षरें येतात. असें कां? कारण उच्चार तीन असले तरी काळ एकच आहे. अनेकवचनाच्या एस अक्षराचेंही तसेंच. कॅट्स मध्यें स, डॉग्झ मध्यें झ आणि बसिझ मध्यें इझ असा ध्वनि येतो. परंतु 'एकाहून अधिक' हा अर्थ एकच, म्हणून अक्षरही तेंच. येथें केवळ ध्वनि शिकविला तर लेखन चुकतें. केवळ व्याकरण शिकविलें तर वाचन चुकतें.

हा प्रकार आपणांस परका आहे असें कोणीं समजूं नये. 'माझा भाऊ' आणि 'माझी बहीण' असें सावकाश म्हणून पहावें. झ हें अक्षर एकच, परंतु लिंग बदलतांच त्याचा उच्चार बदलला. 'चमचा' आणि 'चमचे' यांतील शेवटच्या च चेंही तसेंच. आपल्या मुलांस हा भेद कोणीं तासाला बसवून शिकविला नाहीं. आईच्या मांडीवर त्यांस ध्वनि आणि व्याकरण हीं एकत्रच मिळालीं. तसेंच, विपद् आणि काल हे शब्द जोडतांना 'विपत्काल' होतो, म्हणजे कठोर वर्णाच्या संगतीनें द चा त होतो, हें आपण संधिप्रकरणांत शिकलों आहों. वॉक मधील कठोर क च्या संगतीनें ड चा ट होतो, तो याच जातीचा प्रकार होय.

हें ध्यानीं आल्यावर आम्हीं दोन्ही तास एक केले. आतां प्रथम एक जिवंत वाक्य घेतों: काल मी देवळापर्यंत चाललों. मुलें तें इंग्रजींत तोंडानें म्हणतात. मग गळ्यावर बोट ठेवून क्रियापदाचा शेवटचा ध्वनि उच्चारतात. वॉक, जम्प यांच्या शेवटीं गळा थरथरत नाहीं, तेथें ट. प्ले, कॉल यांच्या शेवटीं थरथरतो; तेथें ड. मूळ शब्दच ट किंवा ड ध्वनीनें संपत असेल, तर इड. फळ्यावर तीन टोपल्या काढून मुलें शब्द त्यांत टाकतात. मग आम्ही विचारतों, "या सर्वांत सारखें काय?" कोणी तरी म्हणतेंच, "सगळें काल झालें." तेव्हां ई आणि डी हीं अक्षरें फळ्यावर लिहितों. शेवटीं प्रत्येक मूल आपल्या घरचें एक वाक्य लिहितें. नियम पाठ करावा लागत नाहीं. तो सांपडलेला असतो.

कित्येक ठिकाणीं तर व्याकरणावांचून उच्चारच ठरत नाहीं. वाचणें या अर्थाचें रीड हें क्रियापद भूतकाळीं तसेंच लिहितात, पण 'रेड' असें वाचतात. काळ कोणता हें वाक्यावरूनच कळतें. उलटपक्षीं, अंब्रेला शब्दामागें ॲन आणि युनिफॉर्म शब्दामागें अ कां लावावा, हें व्याकरणाचें कोडें अक्षर पाहून सुटत नाहीं, कारण दोहोंचें आद्याक्षर यू हेंच आहे. कानानें ऐकावें म्हणजे सुटतें: पहिल्याच्या आरंभीं स्वर आहे, दुसऱ्याच्या आरंभीं य.

या प्रसंगीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण होतें. हे इंग्रज येशूसंघीय सन १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' सन १६१६ मध्यें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या निधनानंतर सन १६४० मध्यें राचोल येथें प्रसिद्ध झालें. ज्या लिपींत ळ आणि ण यांस स्वतंत्र अक्षरें नाहींत, त्या लिपींत आमची भाषा उतरविणाऱ्यास कान तीक्ष्ण ठेवावाच लागला असेल. आणि ओवी रचणाऱ्यास विभक्ति व काळ यांची चूक परवडत नाहीं. एका इंग्रजानें आमच्या भाषेपुढें विद्यार्थी होऊन जें साधलें, त्याच वाटेनें आमचीं मुलें त्याच्या भाषेकडे जात आहेत.

पालकहो, शेवटीं एक विनंति. शास्ते या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावरील कथा आहे. 'शिब्बोलेथ' हा शब्द ज्यास नीट म्हणतां येईना, त्यास तेथेंच ठार करीत. आपण कोणाचा जीव घेत नाहीं हें खरें. परंतु पाहुण्यांसमोर मुलाकडून इंग्रजी वदवून घेऊन त्याच्या उच्चारास हंसतों, तेव्हां त्याची बोलण्याची इच्छा मारतों. मूल चुकलें तर आधीं विचारावें, "तुला काय ऐकूं आलें?" बहुधा त्याच्या चुकींत अर्धें सत्य असतें, उरलेलें अर्धें दाखविणें हें आपलें काम. आणि घरीं मराठी बोलणें सोडूं नये. ज्यास 'माझा' आणि 'माझी' यांतील भेद कानानें कळतो, त्याच्यापाशीं इंग्रजीच्या या पहिल्या धड्याची किल्ली आधींच आहे.

तो मुलगा पुढें पुन्हां लिहूं लागला. चुकतो, खोडतो, पण आपलें वाक्य आपण लिहितो. महोत्सवाच्या वर्षीं शाळेनें प्रभूच्या चरणीं अर्पण करावें असें आम्हांपाशीं याहून मोठें कांहीं नाहीं.