अळणी भाजीचा दाखला



मराठीच्या कृतिपत्रिकेत एक शब्द येतो, 'स्वमत'. तो दिसला की मुलं पाठ्यपुस्तक मनातल्या मनात मिटतात आणि सुचेल ते लिहायला लागतात. मत माझं आहे ना, मग त्याला चूक कोण म्हणणार? सहावी ते आठवीच्या वर्गांवर मराठी शिकवताना माझी सर्वांत जास्त झटापट झाली ती याच शब्दाशी.

दाखला 'श्यामची आई'चा घेतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाचलंय, आणि ज्यांनी नाही वाचलं तेही वाचलंय असंच सांगतात. त्यात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडिलांच्या ते लक्षात येतं, पण ते भाजी मुकाट्यानं खातात. मागून आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि ती हळहळते. यावर मी सातवीला विचारलं : श्यामचे वडील कसे होते?

पन्नास वह्या आल्या. 'वडील खूप प्रेमळ होते. ते आईवर खूप प्रेम करत. असे वडील सर्वांना मिळोत.' एकच गोष्ट दोनदा, आणि शेवटी शुभेच्छा! काहींनी गाईडमधलं वाक्य उतरवलं होतं. दोघांनी चक्क या पुस्तकावरच्या अत्र्यांच्या सिनेमाचा आधार घेतला. सिनेमा मोठाच, पण प्रश्न पुस्तकावरचा होता.

मी म्हटलं, मत ठीक आहे, पण पाठात ते कुठं दिसलं ते लिहा. वह्या परत आल्या : 'वडील प्रेमळ होते, कारण त्यांनी अळणी भाजी खाल्ली.' आता आधार आला म्हणून आम्ही शिक्षक लगेच खूश होतो आणि गुण देऊन टाकतो. इथंच आमचं चुकतं. अहो, अळणी तर रक्तदाबाचे रुग्णही खातात. अळणी खाणं आणि प्रेम यांचा संबंध काय, हे त्या वाक्यात कुठंच नाही. मुलानं दोन टोकं ठेवली, मधला साकव टाकलाच नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथं धूर आहे, हा हेतू. पण न्यायशास्त्राची परंपरा एवढ्यावर थांबत नाही. ती म्हणते, जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, जसं स्वयंपाकघरात. आणि तसाच धूर या डोंगरावर आहे. मग कुठं निगमन, म्हणजे निष्कर्ष. धूर दाखवून झाल्यावरही चुलीपाशी जावं लागतं. आमची मुलं धूर दाखवून खाली बसतात.

मग आम्ही वर्गात ती चूल शोधायला बसलो. मी विचारलं, वडिलांना दुसरं काय करता आलं असतं? एक जण म्हणाला, 'मीठ मागता आलं असतं.' दुसरा म्हणाला, 'आमचे बाबा ताट सरकवतात.' मागच्या बाकावरून शंका आली, 'सर, त्यांना चवच कळली नसेल तर?' ही शंका मला सर्वांत आवडली, कारण तिचं उत्तर द्यायला अख्ख्या वर्गाला पुस्तक उघडावं लागलं. चव कळली होती, हे गोष्टीत स्पष्ट आहे. मग वाक्य तयार झालं : मीठ मागणं सोपं होतं, तरी मागितलं नाही, मागितलं असतं तर आपली चूक आईच्या मनाला लागली असती, म्हणून ते गप्प राहिले. यात अवतरणचिन्हातला एकही शब्द नाही, तरी पुस्तकाचा आधार पक्का आहे. ओळीच्या ओळी उतरवणं म्हणजे आधार देणं, ही समजूत मुलांची नाही, आपण त्यांना लावलेली आहे.

त्या दिवशी एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिनं 'खूप प्रेमळ' खोडलं होतं आणि लिहिलं होतं, 'त्या दिवशी तरी वडिलांनी आईचं मन जपलं.' मी म्हटलं, का गं, मत कमी का केलंस? ती म्हणाली, 'सर, एका जेवणावरून अख्खा माणूस कसा सांगायचा?'

मला उत्तर देता आलं नाही. तिला ते माझ्याकडून हवंही नव्हतं बहुधा. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तिनं माझ्या टेबलावरची प्रत मागून घेतली आणि जागेवर जाऊन पहिल्या रात्रीपासून वडील शोधायला लागली.