पैसा येतो कुठून ते विचारा

(संघटनेच्या तालुका शिबिरात झालेलं बोलणं. ज्या पाड्यांवरचे लोक येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाचता येणाऱ्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज जमिनीवर बोलायचं होतं आणि जमिनीवरच बोलणार आहोत. पण सुरुवात या रंगीत कागदापासून करू. हा कागद गेल्या दोन महिन्यांत आपल्या बऱ्याच पाड्यांवर फिरला. वर सागाचं चित्र आहे. खाली लिहिलंय, एक हजार रुपये भरा, तुमच्या नावाने सागाचं झाड लावू, वीस वर्षांनी पन्नास हजार घ्या. कंपनीचं ऑफिस मुंबईला, झाडं कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि पैसे गोळा करणारा पोरगा मात्र आपल्यातलाच.

वेळ कशी साधलीय बघा. वीटभट्टीवरून माणसं परत आली, बयाणा वजा जाऊन हिशेब झाला, आठ महिन्यांच्या घामाचे चार पैसे गाठीला लागले, की हे लोक हजर. बियाणं घ्यायच्या आधी, घर शाकारायच्या आधी. पूर्वी याच सुमाराला सावकाराचा माणूस यायचा. तो निदान पैसे द्यायला यायचा.

मुंबईतला नोकरदार माणूस या कागदाला फसला तर समजू शकतं. त्याने साग पाहिलाय तो पलंगाच्या रूपात. पण आपण? आपल्या बायांना पानावरून सागाचं वय कळतं. आपल्या पाड्याच्या वरच्या अंगाला खात्याने किंवा वनविकास महामंडळाने जो साग लावलाय, त्यातला वीसएक वर्षांचा शोधा आणि कवेत घेऊन बघा. मांडीएवढा भरेल. चांगल्या काळ्या जमिनीत, नदीकाठी, थोडा जास्त. तो आडवा कापला तर आतला तांबूस गाभा किती आणि बाहेरचं पांढरं लाकूड किती? पांढऱ्याला वाळवी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण घराला मेढ घालताना पांढरं लाकूड बघून बाजूला ठेवतो. सरकारी जंगलात साग साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षं राखतात, तेव्हा त्याला खरी किंमत येते. मग या कंपनीचा साग विसाव्या वर्षी पन्नास हजारांचा कसा होणार? कागदात लिहिलंय, शास्त्रीय पद्धतीने. म्हणजे काय ते मात्र लिहिलेलं नाही.

पुढचा प्रश्न. झाड वाढलं समजा, तोडणार कोण? मालकीच्या जमिनीतला सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. आदिवासीच्या मालकीच्या झाडांसाठी तर १९६९ सालचा वेगळा कायदा आहे, विक्री कलेक्टरमार्फत व्हावी म्हणून. तो कायदा का करावा लागला? कारण ठेकेदार बाटली आणि दोन-चार नोटा देऊन अख्ख्या शेताचा साग उचलून नेत होते. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना ठेकेदारांची नावंसुद्धा आठवतात. तेव्हा आपलाच साग मातीमोलाने घेतला. आता न लावलेला साग आपल्यालाच सोन्याच्या भावाने विकताहेत.

पोरगा म्हणतो, कंपनी रजिस्टर आहे. असेल. कंपनी कायद्याखाली नाव नोंदवलं की कंपनी रजिस्टर होते. लग्नाची नोंद झाली म्हणून नवरा दारू पिणार नाही असं कुणी लिहून देतं का? तसंच हे. नंबर मिळाला म्हणजे सरकारने तुमच्या पैशाची हमी घेतली असं होत नाही. सागाच्या आणि शेतीच्या असल्या योजनांनी देशभरात इतका पैसा गोळा केला, की शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारला ठरवावं लागलं, या योजना सेबीच्या देखरेखीखाली आणायच्या. सेबी म्हणजे शेअरबाजारावर नजर ठेवणारं मुंबईतलं सरकारी मंडळ. म्हणजे तोवर यांच्यावर नीट नजर ठेवणारं कुणी नव्हतंच.

आता पोस्टात जाऊ. १९९८ साली किसान विकास पत्रात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत असत. हजाराचे दोन, मग चार, मग आठ, आणि बावीस वर्षांनी सोळा हजार. पोस्टाच्या मागे सरकार आहे. त्या दराने पोस्टात बावीस वर्षांत सोळा हजार झाले असते आणि हा वीस वर्षांत पन्नास हजार म्हणतो. वरचे चौतीस हजार येतात कुठून? हा एक प्रश्न सगळ्यांनी पाठ करा. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पैसा येतो कुठून?

साग निदान वीस वर्षं मागतो. मागच्या हिवाळ्यात जी दुसरी स्कीम फिरली, ती तीन महिन्यांत दामदुप्पट देणारी होती. तिचा हिशेब आपण रात्री पाड्यावर खडे मांडून केला होता, इथे परत करू. हजाराचे तीन महिन्यांनी दोन हजार. वर्षाने सोळा हजार. दोन वर्षांनी दोन लाख छप्पन्न हजार. तीन वर्षांनी चाळीस लाख शहाण्णव हजार. ज्याच्याकडे असा धंदा आहे, तो उन्हातान्हात डोंगर चढून आपल्या हजार रुपयांसाठी कशाला येईल? स्वतःचे हजार लावून घरी झोपला नसता का?

पण त्या स्कीममध्ये पहिल्या चार जणांना पैसे मिळाले. खरोखर मिळाले. एकाने रेडिओ घेतला. तो रेडिओ पाड्यावर वाजायला लागला आणि लोकांनी शेळ्या विकल्या, एका बाईने चांदीचे वाळे मोडले. इथे नीट समजून घ्या, कारण गोम इथेच आहे. पहिल्यांना पैसे मिळाले हा स्कीम खरी असल्याचा पुरावा नाही. खोटी स्कीम पहिल्यांना पैसे देतेच, दिल्याशिवाय ती चालत नाही. कुठलाही धंदा झाला नव्हता, काही पिकलं नव्हतं, काही विकलं नव्हतं. मागून आलेल्यांचे पैसे पुढच्यांना दिले, एवढंच. तो रेडिओ शेजारणीच्या वाळ्यांचा होता.

साखळीचं तसंच. पाच जण आणा म्हणतात. तुम्ही पाच आणले, त्यांनी पंचवीस, त्यांनी सव्वाशे, त्यांनी सहाशे पंचवीस, त्यांनी तीन हजार एकशे पंचवीस. आपलं मोठ्यात मोठं गाव चौथ्या फेरीत संपतं. पाचव्या फेरीला माणसं आणायची कुठून, झाडावरून? आणि ज्यांच्यापाशी साखळी तुटते ते सगळ्यांत जास्त असतात, कारण शेवटची फेरी नेहमी सगळ्यांत मोठी. याला १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सभासद होणं आणि दुसऱ्याला करणं, हेही त्या बंदीत येतं. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. त्यांना टाय दिला जातो आणि चहापाण्याला बोलावलं जातं.

त्या पोराविषयी थोडं बोलू. कंपनीचा साहेब पाड्यावर कधी आला नाही. आला तो दहावी झालेला, नोकरी न मिळालेला आपला पोरगा. लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता, त्याच्या आईवर ठेवला होता. कंपनीला हेच हवं होतं. आज तो पोरगा गाव सोडून भिवंडीकडे गेलाय आणि त्याच्या आईला लग्नाला कुणी बोलवत नाही. साथींनो, हे थांबवा. त्याने स्वतःच्या घरातले पैसेही त्यात घातले होते. त्याच्याकडे वह्या आहेत, पावत्यांची बुकं आहेत, साहेबाच्या सहीची पत्रं आहेत. तक्रार करायची तर तोच आपला मोठा साक्षीदार आहे. त्याला वाळीत टाकलं तर साहेब सुटला.

बायांनी काल विचारलं, मग भिशीसुद्धा बंद करायची का? नाही. भिशीत दहा जणी असतात, दहाही जणी एकमेकींच्या चुली ओळखतात, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात आणि कुणालाही टाकले त्यापेक्षा जास्त मिळत नाहीत. तिथे पैसा कुठून येतो ते दिसतं. आणि कुणी कलमी आंबा लावायचा म्हणतो, शेळ्या पाळायच्या म्हणतो, तर तेही जरूर करावं. पण खरा धंदा सांगणारा माणूस नुकसान कसं होईल तेही सांगतो. पाणी लांबलं तर कलमं मरतील, रोग आला तर शेळ्या जातील, पहिली काही वर्षं हातात काही पडणार नाही. ज्याच्या बोलण्यात नुकसान हा शब्दच नाही, त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

आता जमीन. इतका वेळ पैशावर बोललो, पण पैसा गेला तर आणखी एक हंगाम भट्टीवर घालून तो परत येतो. पुढचं जे आहे ते परत येत नाही.

प्लॉट नावावर करून देतो म्हणणारे दलाल फिरताहेत. फॉर्मचे दोनशे, साहेबाचे पाचशे असं घेतात. जंगलजमिनीवरची ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारने ठरवलं, मग १९८० चा वन कायदा आला आणि काम अडलं, हे तुम्हाला माहीत आहे. हे अडलेलं काम हाच दलालाचा धंदा आहे. काम झालं असतं तर तो उपाशी मेला असता. पैशापर्यंत ठीक होतं म्हणा. पण आता ते कागद मागताहेत. वनखात्याने दंड केल्याच्या जुन्या पावत्या मागताहेत, अस्सल, आणि लोक देताहेत.

त्या पावत्या म्हणजे काय आहे? आपल्या बापाने जंगलात नागली लावली म्हणून गार्डाने दंड केला, कोंबडी नेली ती वेगळी, आणि हातात एक चिठोरं ठेवलं. त्या चिठोऱ्यावर साल आहे, नाव आहे, शिक्का आहे. आपण त्या साली तिथे कसत होतो हे खुद्द वनखात्याने लिहून दिलेलं आहे. जे आपल्याला शिक्षा म्हणून दिलं, तेच आज आपला सातबारा आहे. म्हातारीने पंचवीस वर्षं ते कुडाच्या फटीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपलं आणि दलालाने पाच मिनिटांत नेलं. त्याची नक्कल आपल्याला मिळवायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

म्हणून अस्सल पावती कुणाच्याही हातात द्यायची नाही. संघटनेच्या कार्यकर्त्यालासुद्धा नाही. झेरॉक्स काढायची तर पावतीबरोबर स्वतः तालुक्याला जायचं, आणि काम झालं की तिच्यासह परत यायचं. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा नाही. वाचून दाखवल्याशिवाय कशावरच अंगठा नाही, आणि वाचणारा आपण आणलेला असावा, त्याने आणलेला नाही.

आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांनी हे ऐका. सागाच्या कंपन्यांना झाडं लावायला जमीन लागते. कुणी म्हणेल, जमीन तुमचीच राहील, फक्त वीस वर्षांचा करार करू. जमीन महसूल कायद्याची कलमं ३६ आणि ३६-अ आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण टाकणं, भाडेपट्ट्याने देणं कलेक्टरच्या परवानगीशिवाय चालत नाही. कुणी असा कागद केला असेल तर घाबरू नका, लपवूही नका. लपवलेला करार उजेडात यायला जितकी वर्षं जातील, तितका समोरचा त्या जमिनीत रुजत जातो.

पुढच्या रविवारी बाजारच्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात दोन वह्या ठेवलेल्या असतील. एका वहीत ज्यांनी साग, दामदुप्पट किंवा साखळीत पैसे भरले त्यांनी नाव, रक्कम, तारीख आणि कुणाच्या हातात दिले ते लिहून द्यावं. पावती असेल तर दाखवावी आणि परत न्यावी. दुसऱ्या वहीत ज्यांच्या दंडाच्या पावत्या दलालाने नेल्या त्यांची नावं. या दुसऱ्या वहीतले सगळे मिळून आपण त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यावर आणि तिथून तहसीलदारावर जाऊ. भाकरी बांधून या, दिवस मोडेल. ज्या पाड्यातला तो पोरगा आहे, त्या पाड्याने त्याच्याकडे भिवंडीला माणूस पाठवावा आणि वह्या घेऊन ये म्हणावं.