तरुणांचा कैवार आणि एसेम

युवक-विकास हा शब्द प्रकल्पांच्या अहवालांतून आज इतका सर्रास वापरला जातो की, युवक-कार्यकर्त्यांच्या परिषदेत तरी त्याचा अर्थ एखाद्या पुऱ्या हयातीच्या कामावर घासून पाहणे इष्ट ठरेल. तरुणांच्या अंगी विचार, शिस्त आणि जबाबदारी रुजवणे म्हणजे युवक-विकास, आणि ज्यांचे म्हणणे सत्तेच्या कानी जात नाही त्यांची बाजू लोकांपुढे व राज्यकर्त्यांपुढे लावून धरणे म्हणजे जनवकिली, अशी ढोबळ व्याख्या केली, तर ही दोन्ही कामे एकाच हाताने करणाऱ्यांत एस. एम. जोशी यांचे नाव अग्रभागी येते. 12 नोव्हेंबर 1904 रोजी जुन्नर येथे जन्मलेले श्रीधर महादेव जोशी महाराष्ट्राला ‘एसेम’ म्हणूनच ठाऊक आहेत.

पुण्याच्या पर्वतीवरील मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून 1929 साली सत्याग्रह झाला, तेव्हा एसेम पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्या लढ्याचे पुढारपण शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्यासारख्या दलित नेत्यांकडे होते. एसेम आणि त्यांचे तरुण सहकारी त्यात सामील झाले, सनातन्यांची दगडफेक सोसली, आणि मंदिर मात्र त्या वेळी उघडले नाही. पुढे कोणी चालायचे आणि मागून कोणी जायचे, हे ब्राह्मण घरातल्या सुशिक्षित तरुणांना जेथे शिकावे लागले, अशी ही शाळा होती. नेतृत्वाच्या आजच्या प्रशिक्षणवर्गांत बोलायला शिकवतात. मागे उभे राहायला क्वचितच.

4 जून 1941 रोजी राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली आणि एसेम त्याचे दलप्रमुख झाले. सेवा दलाची शाखा म्हणजे गावातल्या किंवा पेठेतल्या मैदानावर भरणारा मुलामुलींचा मेळावा: झेंडावंदन, कवायत, लेझीम, खेळ, समूहगान, आणि शेवटी गोल करून बसल्यावर एखादी गोष्ट किंवा चालू घडामोडींवरची चर्चा. मुलगे आणि मुली एका मैदानावर, जात न विचारता, ही गोष्ट त्या काळच्या पालकांना पचणे सोपे नव्हते. 1942 च्या आंदोलनात खुद्द दलप्रमुखच दाढी वाढवून ‘इमाम अली’ या नावाने भूमिगत वावरू लागले, तेव्हा विशीतल्या दलनायकांवर, म्हणजे शाखा चालवणाऱ्या तरुणांवर, खरा भार पडला. आणि प्रमुखावाचून अडत नाही, हे त्या संघटनेने दाखवून दिले. पुढे नाच, गाणी व नाट्यातून विचार पोहोचवणारे दलाचे कलापथक गावोगाव फिरले. निळू फुले आणि राम नगरकर त्यातूनच घडले, आणि मृणाल गोरे यांच्यासारखी लढाऊ कार्यकर्तीही सेवा दलाच्याच मुशीतली. या परंपरेचा विस्तार शहरी व निमशहरी मध्यमवर्गात जितका झाला तितका शेतमजुरांच्या वस्त्यांत झाला नाही, ही उणीवही मान्य करायला हवी.

संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीसपद आणि 1967 साली पुण्यातून मिळालेली खासदारकी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती नामांतराच्या वेळची त्यांची भूमिका. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. विरोधाच्या मोर्चांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. ज्यांनी आयुष्यभर तरुणांचा कैवार घेतला, त्या सत्तरी ओलांडलेल्या एसेम यांनी येथे तरुणांच्या जमावाची नव्हे, तर नामांतराची बाजू घेतली आणि त्यासाठी रोष पत्करला. तरुणांची वकिली म्हणजे त्यांच्या प्रत्येक घोषणेला मान डोलावणे, असा सोयीचा अर्थ ज्यांनी लावला आहे, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

एसेम 1 एप्रिल 1989 रोजी गेले. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी.