जे शेतातून जातं, ते परत कसं येतं?
(विहाराच्या वर्धापनदिनी अंबड येथे केलेले भाषण)



समितीनं यंदा आम्हाला सांगितलं, की पोरांना शाळेत पर्यावरणाचा धडा असतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी अन्नसाखळी पोरं घडाघडा म्हणतात, पण तिच्यातून नेमकं काय वाहतं ते विचारलं तर गप्प बसतात. तेव्हा तुम्ही आपल्या भाषेत सांगा. आता आम्ही पडलो जिनिंगमधले कामगार. शाळा लवकर सुटली, जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर. म्हणून आम्ही बेडकापासून नाही, आमच्या रेच्यापासून सुरुवात करतो.

एक क्विंटल कापूस रेच्यातून काढला, की साधारण ३४-३५ किलो रुई निघते आणि ६३-६४ किलो सरकी. बाकी कचरा, घट. बाजारात भाव रुईला. पण मातीला विचाराल तर ती उलटा हिशेब सांगेल. रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. ते पानानं हवेतला कार्बन वायू आणि मुळानं ओढलेलं पाणी उन्हाच्या जोरावर जोडून केलेलं असतं. त्यात आपल्या काळ्या मातीचं फार थोडं जातं. मातीचा खरा कस जातो सरकीत. सरकीत प्रथिनं असतात, म्हणजे नत्र आलं, आणि स्फुरदही आलं. एका क्विंटल कापसाच्या सरकीत दोन किलोच्या आसपास नत्र असतं. त्याच कापसाच्या रुईत पाहिलं तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे दहा क्विंटल कापूस जिनावर घातला, तर जवळजवळ युरियाच्या एका गोणीइतकं नत्र त्या सरकीबरोबर शेताबाहेर जातं. शेतकरी पट्टीवरचे पैसे मोजून घरी जातो. ही गोणी पट्टीवर लिहिलेली नसते.

पूर्वी ही गोणी परत यायची. सरकी गावातल्या ढोरांना चारायची, किंवा घाण्यावर तेल काढून पेंड चारायची. तेल गेलं तरी मातीचं काही बिघडत नाही, कारण तेलातही नत्र नसतंच, तेही हवा-पाण्याचंच. नत्र राहतं पेंडीत. पेंड बैलाच्या पोटात, बैलाचं शेण-मूत उकिरड्यावर, आणि उकिरडा मृगाच्या आधी शेतात. चक्र पुरं झालं.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. धडा कळत नाही तो इथंच. एक आहे ऊर्जा, आणि दुसरा मातीतला कस. दोन्ही एकाच भाकरीत बसून प्रवास करतात, पण दोघांचा रस्ता एक नाही.

ऊर्जा येते सूर्याकडून. पिकावर पडलेल्या उन्हातला शंभरातला जेमतेम एखादा हिस्सा पिकात साठतो. ते पीक शेळीनं खाल्लं, तर त्यातलं बरंचसं तिच्या चालण्या-फिरण्यात, श्वासात, अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होतं आणि थोडंच तिच्या अंगी लागतं. अमेरिकेत रेमंड लिंडमन नावाचा एक तरुण होता. मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात शेवाळापासून माशापर्यंत ही ऊर्जा कशी सरकते, ते त्यानं मोजत बसून काढलं. १९४२ साली त्याचा निबंध छापला गेला, पण तो पाहायला तो राहिला नव्हता. सत्ताविसाव्या वर्षीच गेला. त्याच्या कामातून पुढे अंदाजाचा एक नियम रूढ झाला, की एका पायरीवरून दुसरीवर साधारण दहावा हिस्सा पोचतो. कुठं जास्त, कुठं कमी. म्हणून रानात गवत अमाप, ससे त्याहून थोडे, आणि लांडगा क्वचित दिसतो. बाकीची सगळी ऊब होऊन आभाळात जाते. ती परत येत नाही. चुलीतली ऊब कुणी पुन्हा गोवरीत भरून दाखवावी! म्हणून तर सूर्याला रोज उगवावं लागतं.

कसाचं तसं नाही. स्फुरद रोज सकाळी आभाळातून पडत नाही. नत्र हवेत भरपूर आहे, पण पिकाला ते तसंच घेता येत नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू ते बांधून देतात. आपली म्हातारी माणसं कपाशीत तुरीचे तास घालायची, ते उगीच नव्हतं. पण स्फुरदाला तीही सोय नाही. खताच्या कारखान्याला लागणारा स्फुरदाचा दगड आपला देश बहुतांशी बाहेरून आणतो. म्हणून कस फिरता राहिला पाहिजे. पीक, ढोर, माणूस, आणि शेवटी कुजवणारे जीव. गांडूळ, बुरशी, डोळ्याला न दिसणारे जिवाणू. पुस्तकात त्यांचं नाव शेवटी येतं. आमच्या मते ते पहिलं यायला हवं. कुजवणारा नसता तर सगळा कस मढ्यांत अडकून पडला असता.

आणि इथं आपल्या समाजाचा संबंध येतो. तो टाळून पुढं जाता येणार नाही. गावात ढोर मेलं, की ते ओढायचं कुणी? आपल्या बापजाद्यांनी. मेलेलं परत मातीला मिळवायचं काम गावानं एका जातीच्या मानेवर ठेवलं, आणि वर तिलाच विटाळ म्हटलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बोलतानाही त्यांनी हा विषय काढला. ढोर ओढणं सोडल्यानं कातड्या-शिंगांचं उत्पन्न बुडतं म्हणणाऱ्यांना त्यांचा सवाल होता, की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? आपल्या लोकांनी ते काम सोडलं, आणि सोडलं ते योग्यच केलं. गावाचा चक्रातला वाटा कुणाच्या तरी सक्तीवर उभा होता, एवढंच त्यानं उघडं पडलं.

तरी गिधाडं होती. गिधाडांचा थवा एक अख्खं ढोर तासाभरात साफ करायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. कारण कळलं २००४ साली. आजारी जनावराला टोचलेलं डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवायचं औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली होती. ढोरं मरायची थांबली नव्हती. गिधाडाच्या पोटी जाणारं अन्न कुत्र्यांच्या पोटी गेलं, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्याचे चावे वाढले. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात पाच लाखांच्या घरात जादा माणसं दगावली, असा हिशेब २०२४ साली एका अभ्यासात मांडला गेला. साखळीतला एकच दुवा तुटला होता.

आता आपल्या घरचं बघू. गोवरी जाळली, की ऊब मिळते, पण शेणातलं नत्र धुरावाटे जातं, राखेत स्फुरद-पालाश तेवढा उरतो. पऱ्हाटीचंही तेच. बोंडअळीच्या भीतीनं ती बांधावर पेटवतात, पण कुट्टी करून कुजवली तर अळीही मरते आणि कसही राहतो. ज्वारी, मोसंबी, ऊस शहरात जातो, खाल्ला जातो आणि त्याचा कस गटारातून नदीत उतरतो. गोदावरीच्या पात्रात सांडपाणी मिळतं तिथं जलपर्णी माजते, ती त्याच कसावर. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ज्याची शेतात वाण, त्याचा नदीत चिखल. आणि ते गटार साफ करायला आत कोण उतरतं, हे आम्ही वेगळं सांगायला नको. तुंबलेली मोरी कुणी उपसायची हा प्रश्न गावातून शहरात गेला, सुटला नाही.

म्हणून समितीपुढं आमचं मागणं लहानच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी खताची एक टाकी काढली. त्यांच्या नावावरून तिला नाडेप म्हणतात. विटांची, भिंतीत भोकं ठेवलेली, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. पालापाचोळा चौदा-पंधरा क्विंटल, माती साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त, आणि शेण फक्त एक क्विंटल. थर देऊन भरायची, वरून शेणमातीनं लिंपायची, ओल टिकवायची. साडेतीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत निघतं. शेण थोडं आणि खत जास्त, हीच तिची खुबी.

आपल्या आवारातला पिंपळ माघ-फाल्गुनात पानं टाकतो आणि आपण ती झाडून पेटवून देतो. टाकी मागच्या भिंतीला लागून बसते, आम्ही टेप लावून पाहिलं आहे. भरायचं काम पाळीपाळीनं, प्रत्येक घरातून एक माणूस, त्यात नोकरदारही आले. विटांचं समिती बघेल. शेण कोण देणार, ती नावं आज जेवणाआधीच लिहून घेऊ. जय भीम!