अडथळा कुणी उभा केला?



ग्रीक पुराणकथा आणि अभिजात नाटके यांतले प्रेम, आणि त्या प्रेमाच्या आड येणारे अडथळे, हा या संमेलनाचा विषय स्वागत समितीने विचारपूर्वक निवडला आहे. या नाटकांत प्रेम कसे जडले, हे बहुतेक वेळा थोडक्यात आटोपते. रंगमंच अडवून बसतो तो अडथळा. आणि अडथळा निवडताना नाटककार दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हेही ठरवत असतो.

आरंभ अथेन्सपासूनच करावा लागतो. अॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससचे नाट्यगृह होते. उघड्या आभाळाखाली, मुखवटे लावलेले पुरुष नट तिथे स्त्रियांच्याही भूमिका करत. सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ इ.स.पू. 441 च्या सुमाराची मानली जाते. थीब्जचा राजा क्रेऑन हा अँटिगनीचा मामा, आणि त्याचा मुलगा हीमॉन हा तिचा वाग्दत्त वर. भावाच्या प्रेताला मूठभर माती दिली म्हणून राजा आपल्याच भाचीला देहदंड फर्मावतो.

हीमॉन बापासमोर येतो तो प्रवेश जवळून पाहण्यासारखा आहे. मुलगा आरडाओरडा करत नाही. आधी बापाचा मान ठेवतो. मग सांगतो, की नगरातली माणसे तुमच्यासमोर बोलत नाहीत, पण आडून ती या मुलीसाठी हळहळतात. पुरात वाकणारी झाडे तगतात आणि ताठ उभी राहणारी मुळासकट जातात, हेही तो सांगून पाहतो. ‘माझे तिच्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मात्र तो उच्चारत नाही. बाप ऐकत नाही, मुलगा निघून जातो, आणि लगेच कोरस प्रेमदेवता इरॉसला उद्देशून गातो. संपूर्ण नाटकात अँटिगनी आणि हीमॉन एकदाही एकत्र रंगमंचावर येत नाहीत. गुहेत कोंडलेल्या अँटिगनीने गळफास घेतल्यावर हीमॉन तिथे स्वतःला संपवतो, तेही दूताच्या तोंडूनच कळते. इथे देवाचा शाप आड आलेला नाही. आड आला तो राजाचा हुकूम, आणि सोफोक्लीज त्याची किंमत राजाच्याच घरातून वसूल करतो: आधी मुलगा जातो, पाठोपाठ राणी.

युरिपिडीजने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. फीड्रा या राणीचे मन सावत्र मुलावर, हिप्पोलिटसवर जाते, ही कथा त्याने दोनदा लिहिली. पहिल्या नाटकात फीड्रा निर्लज्जपणे पुढाकार घेते, असे दाखवल्याने अथेन्सचे प्रेक्षक दुखावले. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. इ.स.पू. 428 मध्ये त्याने तीच कथा नव्याने आणली. आता आरंभीच अॅफ्रोडाइटी येऊन सांगते, की हिप्पोलिटस आपल्याला मानत नाही, म्हणून त्याचा सूड घेण्यासाठी हे सारे आपण घडवत आहोत. फीड्रा अन्नपाणी सोडते, पण तोंड उघडत नाही. दाईच ते गुपित फोडते. कथा तीच, पण दोष बाईकडून देवीकडे सरकला, आणि या वेळी युरिपिडीजला पहिले पारितोषिक मिळाले.

कालिदासाने हेच केले. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी मध्ये आणली, आणि राजाचा अपराध विस्मृतीच्या खाती जमा झाला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हा मराठी संगीत नाटकाच्या उंबरठ्यावर उभी राहिली तीही शापाने अडलेली प्रेमकथाच. दोनच वर्षांनी आलेल्या ‘संगीत सौभद्र’मध्ये शाप उरला नाही. तिथे बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलेला थोरला भाऊ आहे, आणि त्याला हसतखेळत वळसा घालणारा कृष्ण आहे.

घरातल्या वडीलधाऱ्याला अडथळा करून त्यावर सुखान्त नाटक रचण्याची रीत ग्रीसमध्ये मिनँडरच्या काळात स्थिरावली होती. त्याच्या ‘डिस्कोलोस’ला इ.स.पू. 316 मध्ये पहिला क्रमांक मिळाला. पुढे शतकानुशतके हे नाटक हरवलेलेच होते. विसाव्या शतकात एका पपायरसवर ते जवळजवळ संपूर्ण हाती लागले. नीमॉन नावाचा माणूसघाणा शेतकरी मुलीला घेऊन एकटा राहतो. तिच्यावर भाळलेला श्रीमंत घरचा सॉस्ट्रॅटोस म्हाताऱ्याची मर्जी राखायला भर उन्हात कुदळ चालवतो. म्हातारा विहिरीत पडतो, तेव्हा त्याला वर काढायला दोर याच्याच हाती असतो. पण नजर मुलीवर खिळल्याने तो दोर त्याच्या हातून निसटत राहतो. नाटकात तीन टॅलेंट हुंड्याची बोलणीही होतात. ज्या मुलीसाठी हे सगळे चालले आहे, तिला नाटककाराने नाव दिलेले नाही. तिला काय हवे, हेही कुणी विचारत नाही.

रोमन कवी ऑव्हिडच्या पिरॅमस आणि थिस्बीची गोष्ट बॅबिलोनची. शेजारशेजारची घरे, बापांची मनाई, आणि मधल्या भिंतीला एक फट. ही कथा शेक्सपिअरने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये कारागिरांच्या हौशी नाटकात घातली. तिथे भिंत म्हणून एक कल्हईवाला उभा राहतो आणि बोटे फाकवून फट दाखवतो. त्याच सुमाराच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये मात्र दोन घराण्यांच्या वैराला एक साधी अडचण येऊन मिळते: निरोप घेऊन निघालेल्या साधूला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडतात आणि पत्र पोहोचत नाही. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बहुतेक काळ बंद होती. कोंडलेले घर आणि न पोहोचलेला निरोप म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार.

हे सारे आज कशासाठी आठवायचे? जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अजूनही येतात. ‘सैराट’ 2016 मध्ये आला, आणि त्याच्या शेवटी उभे असलेले नातेवाईक प्रेक्षकांनी ओळखले. नशीब, शाप, दैव असे शब्द अशा वेळी फार लवकर ओठांवर येतात. सोफोक्लीजने क्रेऑनला अशी पळवाट दिली नव्हती.

म्हणून समितीची नाट्यसंस्थांना आणि महाविद्यालयीन रंगकर्मींना कळकळीची विनंती आहे. वर्षातून एक तरी ग्रीक नाटक मराठीत जाहीर वाचायला घ्या. हीमॉन आणि क्रेऑनचा प्रवेश तालमीत उभा करून पाहा. नवे नाटक लिहिताना मिनँडरच्या त्या बिननावाच्या मुलीला नाव द्या आणि बोलू द्या. या संमेलनातल्या चर्चेत प्रत्येक प्रेमकथेला दोन प्रश्न जरूर विचारा: अडथळा कुणी उभा केला, आणि त्याची किंमत कुणी मोजली? मतभेद होतील, ते मोकळेपणाने मांडा. व्यवस्थेत काही उणे राहिले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.