वाचाघात : संशोधन, अध्यापन आणि आपले कर्तव्य

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विकास अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. उजवा हात लुळा पडलेला असतो, पाय ओढत चालावे लागते आणि तोंडून शब्द फुटत नाही. फुटलाच तर भलताच फुटतो. पाणी हवे असताना तो ‘चप्पल’ म्हणतो आणि आपली चूक आपल्यालाच कळल्यामुळे चिडतो. मग घरचे म्हणतात, ‘डोके गेले.’ त्या दिवसापासून त्याला कोणी काही विचारीत नाही. मुलीचे लग्न, बांधाचा तंटा, सातबाऱ्यावरील नोंद, बँकेतील पैसा यांविषयीचे निर्णय त्याच्यासमोर, परंतु त्याच्याशिवाय होऊ लागतात.

मेंदूला झालेल्या इजेमुळे वाणी आणि भाषा यांत उत्पन्न होणारे दोष हा माझ्या अध्यापनाचा विषय. या विषयाच्या संशोधनाने जे शिकविले ते थोडक्यात सांगावयाचे तर असे की, बोलणे बंद झाले एवढ्यावरून माणसाची समज गेली असे कधीही ठरवू नये. समज किती उरली आहे हे पाहावे लागते. ते पाहण्याच्या रीती आहेत आणि त्या शिकता येतात.

शोधाचा प्रारंभ

या शास्त्राचा इतिहास १८६१ सालापासून सांगण्याची प्रथा आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण २१ वर्षे राहत होता. त्याला ‘तां’ या एकाच अक्षराचा उच्चार करता येई. तथापि त्याला विचारलेले बरेचसे समजत असे आणि संख्येचे उत्तर तो डाव्या हाताच्या बोटांनी देई. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन वैद्याने दुसरा प्रकार दाखवून दिला. त्याचे रुग्ण घडाघडा बोलत, परंतु त्या बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना नीट उमगत नसे. अशा रुग्णाला लोक वेडा समजतात. वास्तविक तो वेडा नसतो. त्याच्या भाषेचे यंत्र बिघडलेले असते.

भाषेच्या या बिघाडास वाचाघात म्हणतात. याहून निराळा असा डिसार्थ्रिया नावाचा दोष आहे. त्यात भाषा शाबूत असते, मात्र ओठ, जीभ व घसा यांचे स्नायू दुर्बळ झाल्याने उच्चार बोबडा होतो. असा माणूस लिहून आपले म्हणणे बिनचूक सांगू शकतो. तिसरा दोष ॲप्रॅक्सियाचा. यात स्नायूंत बळ असूनही उच्चारासाठी हालचालींची जुळणी करता येत नाही. डोक्यास मार लागल्याने किंवा स्मृतिभ्रंशाने होणारे दोष आणखी वेगळे. प्रत्येकाचा उपचार भिन्न असल्याने ही पारख विद्यार्थ्याला प्रथम शिकवावी लागते.

एका संशोधकाचे आयुष्य

हे शास्त्र रुग्णाच्या उशाशी बसून कसे वाढले, हे समजण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी अलेक्सांद्र लूरिया यांचे उदाहरण देत असे. १९०२ साली रशियातील कझान येथे एका वैद्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते प्रथम मानसशास्त्रज्ञ झाले आणि नंतर वैद्यकशास्त्राचेही शिक्षण घेऊन मेंदूच्या विकारांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताच्या परिसरात ४०० खाटांचे पुनर्वसन रुग्णालय उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. डोक्यात गोळी किंवा तोफगोळ्याची कपची शिरून वाचा गेलेले तरुण सैनिक तेथे येत. या अनुभवातून १९४७ साली त्यांचा वाचाघातावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९४३ साली जखमी झालेला असाच एक तरुण त्यांच्याकडे आला. त्याला ‘भावाचे वडील’ आणि ‘वडिलांचे भाऊ’ यांतील फरक कळेना. अक्षरेही तो विसरला होता. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो हताश होई. एके दिवशी त्याला सांगण्यात आले, ‘अक्षरे आठवू नका. हात न उचलता सबंध शब्द एकदम लिहा.’ आणि शब्द कागदावर उतरला! डोक्यातील स्मरण गेले होते, परंतु हाताची सवय उरली होती. त्या वाटेने त्याने पुढील सुमारे २५ वर्षांत आपल्या आयुष्याची हकीकत जवळजवळ ३,००० पाने लिहून काढली. लिहिलेले स्वतःला वाचणेही त्याला कष्टाचे होते. तरी तो लिहीत राहिला.

लूरियांच्या पद्धतीचे मर्म येथे दिसते. नेहमीचा रस्ता खचला तर आडवाट शोधावयाची. ज्या रुग्णाला विचार असूनही वाक्यांची मालिका जुळविता येत नसे, त्याला ते सुटे विचार चिठ्ठ्यांवर लिहावयास सांगत. मग त्या चिठ्ठ्या क्रमाने मांडून तो पूर्ण हकीकत सांगू शके. मनातली जुळणी मोडली, म्हणून ती टेबलावर केली. मॉस्को विद्यापीठात अध्यापन करीत आणि रुग्ण तपासत त्यांनी १९७७ साली मृत्यू येईपर्यंत हे कार्य चालविले.

लूरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेले आणखी एक उदाहरण व्हिसारिऑन शेबालिन या रशियन संगीतकाराचे. पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांची भाषा अत्यंत दुबळी झाली होती. तरीही १९६२ साली त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. त्यांच्या तोंडच्या तुटक शब्दांवरून त्यांची योग्यता कोणी ठरविली असती, तर तो केवढा अन्याय झाला असता!

मराठी भाषेची स्वतंत्र गरज

परदेशी चाचण्यांचे भाषांतर करून आपले काम भागत नाही, हे या विषयाच्या शिक्षकाला लवकरच उमगते. आपण म्हणतो, ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलगी आंबा खाते’. येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. परंतु ‘मुलाने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने आंबा खाल्ला’ यांत ते बदलत नाही. आंब्याच्या जागी पोळी आली की मात्र ‘खाल्ली’ होते. तीन लिंगे, विभक्तीची रूपे, जोडाक्षरे यांपैकी नेमके काय मोडले आणि काय उरले हे इंग्रजी वाक्यांच्या भाषांतरातून दिसणार नाही. त्यासाठी मराठी वाक्ये मराठीच्या घडणीप्रमाणे रचावी लागतात.

शिवाय आपल्याकडे एकाच माणसाच्या मुखी घरची बोली, शाळेतील प्रमाण मराठी आणि बाजारातील हिंदी अशा तीन भाषा नांदतात. झटक्यानंतर त्या सर्व सारख्या परत येतीलच असे नाही. म्हणून रुग्णाशी प्रथम त्याच्या घरच्या बोलीत बोलावे, ‘शुद्ध बोला’ असा आग्रह धरू नये. भाषेचे शिक्षक या कामी संशोधकांना बहुमोल साहाय्य करू शकतील.

उपचाराने काय साधते

झटका येताच वेळ गमावू नये, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अंगारेधुपारे करण्यात हाच मोलाचा काळ निघून जातो.

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. त्यांना वाचा-उपचाराचा लाभ होतो काय, या प्रश्नाचे उत्तर आता पुराव्यानिशी देता येते. २०१६ साली ५७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३,००२ रुग्णांचा समावेश होता आणि उपचाराने दैनंदिन संभाषणात सुधारणा होते असा निष्कर्ष निघाला. ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ ही समजूतही खरी नाही. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांना आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे उपचार दिल्यास त्यांचे बोलणे सुधारते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत आढळले.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्थेत ते सुरू झाले. १९८३ साली मुंबईतच अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये या व्यवसायातील तज्ज्ञांची नोंदणी होते. परंतु तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण वाडीवस्तीवर, हे अंतर अद्याप मोठे आहे. ते भरून काढण्यास गावातील जाणती माणसे हवीत.

कायदा आणि गाव

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत वाचाघाताला स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत मेंदूविकाराने आलेल्या कायमच्या वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज भरताना हात लुळा पडल्याचीच तेवढी नोंद होते आणि वाचेचा दोष राहून जातो, असे होऊ देऊ नये. याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने दिला आहे. साक्षीच्या कायद्यातही, ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ग्राह्य मानली आहे.

मग कचेरीत, ग्रामसभेत आणि घरात काय करावे? गोंगाटापासून दूर, समोरासमोर बसावे. एका वेळी एकच लहान प्रश्न विचारावा. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल, अशी प्रश्नाची रचना असावी. तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून पुन्हा विचारावा, म्हणजे उत्तराची खातरजमा होते. मुख्य शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावेत, चित्र किंवा नकाशा पुढे ठेवावा आणि बोट दाखवू द्यावे. त्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये; थांबावे. हे थांबणे माझ्या विद्यार्थ्यांनाही सर्वांत अवघड जात असे. कित्येकदा समजही खरोखरच उणावलेली असते, हे मी नाकारीत नाही. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परंतु तपासणी न करता अंगठा उमटवून घेणे हे केव्हाही अयोग्यच होय.

आपल्या गावात असे किती जण आहेत याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने करावी आणि त्यांना जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी, अशी माझी विनंती आहे. पुढील ग्रामसभेत कोपऱ्यात मुकाट बसलेला असा एखादा वडीलधारा दिसला, तर त्याच्या मुलाला विचारू नका. त्याच्यासमोर बसा, त्यालाच विचारा आणि उत्तरासाठी थोडे थांबा.